मंधात

आमच्या सावद्यात पिकअप म्हणजे गाडी.
खाली केळी, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोन पोरं झोपलेली
आणि मागच्या फळीवर मालकाच्या आईचं नाव.
तो शब्द मूळचा दोन शब्दांचा, हे मला
त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं,
खताच्या दुकानावरच्या खोलीत, फेगडे सरांच्या क्लासात,
सात ते सव्वाआठ, सोमवार सोडून.

पॅकहाऊसमध्ये मी फण्या तपासते. डाग, लांबी, चीक.
बाहेरदेशचे मेल येतात, ते सुपरवायझरला वाचता यावेत
म्हणून मालकांनी फी भरली.
ही उचल नाही, असं कागदावर लिहून दिलं.

सर म्हणाले, पिक म्हणजे?
मी म्हटलं, उचल.
आणि अप?
वर.
मागून शेवंता बोलली, सर, उचललं म्हणजे वरच ना,
खाली कोण उचलतं?
सर हसले नाहीत. खडू बोटांत फिरवत राहिले.

मग फळ्यावर त्यांनी ते दोन शब्द एकमेकांपासून लांब केले,
पंगत वाढली की जोडलेली बाकं सरकवतात तसे,
आणि मधे खोकं ठेवलं. पिक द बॉक्स अप.
बाहेर ठेवलं तरी चालतं. पिक अप द बॉक्स.
पण खोक्याचं नुसतं 'ते' झालं
की ते बाहेर राहत नाही. मधेच घ्यावं लागतं.
पिक इट अप.
का, सर?
मोटरसायकलवर तान्हं कुठं बसवता?

आणि काल रात्री शेडमागे राहिलेलं, कोपरा भिजलेलं,
दुबईचं लेबल उलटं लागलेलं खोकं असेल तर?
ते बसवा शेवटीच.
नाहीतर 'अप' येईपर्यंत ऐकणारा घरी जाऊन जेवून येईल.
आमचं बरं आहे. आमचं क्रियापद
लग्नघरच्या यजमानासारखं, सगळ्यांच्या शेवटी पानावर बसतं.

काही जोड्या मात्र उघडतच नाहीत.
लुक आफ्टर. काळजी घे.
'तिला' कितीही लहान केलं, तरी आत जागा नाही.
हे मी वहीत दोनदा लिहिलं.

स्विच ऑफ शिकवताना लाइट गेली.
शेवंता म्हणाली, ही कोणी ऑफ केली?
अंधारातून सर म्हणाले, कोणी नाही,
ही मराठीत गेली.

रेणूला सुरतच्या हॉस्पिटलात नोकरी लागली त्या आठवड्यात
धडा होता ड्रॉप ऑफचा.
भुसावळची गाडी पहाटे तीनची.
आम्ही तिघं आता एका मोटरसायकलवर मावत नाही,
म्हणून ती किशोरच्या पिकअपमध्ये, केबिनमध्ये बसली,
मांडीवर बॅग, बॅगेवर डबा,
आणि आम्ही दोघं मागून, त्या लाल दिव्याच्या धोरणानं.

वाटभर मी वाक्य जुळवत होते.
आमची रेणू, नर्सिंगला कॉलेजात दुसरी आलेली,
डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेतलेली,
रात्री काकडीच्या बियांसारखे बारीक दात खात झोपणारी.
एवढी सगळी म्हटली की ती बाहेरच राहते, शेवटाला.
नुसतं 'ती' म्हटलं की येते मधे.
ड्रॉप हर ऑफ.
चार वर्षांची असताना चप्पल हातात घेऊन म्हणायची,
मी मंधात बसते.
माझ्या पोटाला तिचं डोकं लागायचं, तेलाचा वास,
आणि फैजपूरपर्यंत झोप.

गाडी वेळेवर आली. तीच एक चूक झाली.
किशोर माल भरायला पुढं निघून गेला.

परत येताना हे म्हणाले,
अशी कडेला काय बसलीस, पुढं सरक,
मधून गार वारं लागतंय.
राहू द्या, मी म्हटलं.