चौदा फेरे

पहाटे साडेचारला डोळा उघडतो.
पेन्शन सुरू झाली, हे हातांना अजून कळलेलं नाही.
बत्तीस वर्षं ह्याच वेळेला मी
खांद्यावर लोखंडी चावी टाकून
बाळीवेशीतून सायकल काढायचो,
आणि अर्धं सोलापूर
रिकाम्या घागरी मांडून माझी वाट बघायचं.
माझी नव्हे, पाण्याची.
हा फरक कळायला नोकरी संपावी लागली.

आता चावी नाही.
अंघोळ, कपाळावर विभूतीची तीन बोटं,
गळ्यातल्या शिवदारातून लिंग सोडवायचं,
डाव्या तळहातावर घ्यायचं
आणि बघत बसायचं.
अप्पा एवढंच शिकवून गेले:
मागू नको. बघ.
काळ्या गुळगुळीत पाठीवर एवढीशी खिडकी दिसते,
खिडकीशेजारी ट्यूबलाइट,
ट्यूबलाइटखाली कुणाचं तरी टक्कल.
तो मी.

पहिली काही मिनिटं फुकट जातात.
गुडघा. वीजबिल. होनरावांनी मारलेला नवा बोअर.
मग काल दुपारी सुनेला बोललेलं एक वाक्य
हळूच वर येतं, त्याच्या मूळ आवाजासकट.

व्हॉल्व्हचंही असंच असतं.
आधी नुसती हवा, खाकरल्यासारखी.
मग गढूळ.
निवळ यायला थांबावं लागतं,
आणि बायका थांबत नाहीत, गढूळच भरून घेतात,
कारण पुढचं पाणी पाचव्या दिवशी.

एक गोष्ट मात्र रोज येते.
मे महिना. डांबर चपलेला चिकटत होतं.
विडी घरकुलाकडच्या लाइनीला चौदा फेरे लागतात,
मी अकरा दिले.
उरलेले तीन एका मंगल कार्यालयाला गेले.
त्याबद्दल मिळाली अर्धा किलो बुंदी
आणि एक टॉवेल.
टॉवेल चांगला निघाला. नऊ वर्षं टिकला.

शेवटच्या घरातली राजमणी कोंड्याल
मांडीवरचं विड्यांचं सूप उतरवून बाहेर आली.
नळाला करंगळीएवढी धार.
"अण्णा, इतकंच?"
मी म्हणालो, "येतंय, येतंय,"
आणि सायकलवर टांग टाकली.

येतंय, येतंय.
किती पहाटे झाल्या,
तळहातावर हे येतंच आहे.

परवा गेलो तिच्याकडे. सांगून टाकलं.
फेरे, बुंदी, टॉवेल, सगळं.
ती विडीला दोरा गुंडाळत ऐकत राहिली,
बोटं थांबली नाहीत.
मग म्हणाली, "कुठला मे, अण्णा?
आमच्याकडं तर नेहमी तेवढंच यायचं."
आणि आतून
काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली.
मोजायचे नाहीत म्हटलं तरी
घोट मोजत प्यालो.

वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी हात हलका लागेल.
लागला नाही.
टाकी उपसली की गाळ दिसतो,
तसं तिचं "नेहमी" तळाशी दिसलं.
एका मे महिन्याला धरून मी बसलो होतो,
बाकीच्या महिन्यांत कुठं बघत होतो?

अप्पा म्हणायचे, बघणारा वाढतो.
कुठल्या दिशेनं, ते बोलले नाहीत.
आमच्याकडं शेंग मातीत वाढते,
वरून पाला बघून काही कळत नाही,
उपटल्यावर कधी भरलेली निघते, कधी पोचट.
मला अजून कुणी उपटलेलं नाही.

आज आमच्या गल्लीचा दिवस.
महानंदा आतून ओरडली, "उठा, पाणी आलं!"
लिंग गळ्यात, पिंप नळाखाली.
पिंप अर्ध्यावर आलं
तशी मी तोटी फिरवली.
"अहो, अजून यायलंय की!"
येतंय, म्हणालो.
पुढं सात घरं आहेत.