देवाचा नवस

आमच्याकडे नवस माणूस बोलतो.
मूल होऊ दे, गलबत परत येऊ दे,
मग मलिदा करीन,
पोहे गुळात कालवून, वर खोबरं, पाच फळं,
एलियाहू हन्नाबीच्या नावानं.

त्या रात्री मात्र देवच बोलून बसला.
म्हाताऱ्याला तंबूबाहेर काढून म्हणाला, मोज तारे.
पुढे एकदा म्हणाला, समुद्रकाठची वाळू बघ,
तेवढी तुझी लेकरं.
अब्राहाम शंभरीला टेकलेला.
सारा कनातीआड हसली.
(हसणार नाही तर काय, सिगुल्लाआत्या म्हणायची,
गुडघे धरले असतील बाईचे.)

लेखी काही नव्हतं.
कापलेली जनावरं दोन रांगांत,
मधून धूर गेला, मशाल गेली.
पण ते रात्री.
दिवसभर म्हातारा गिधाडं हाकत बसला होता,
थेरोंड्याला वलांडीवरच्या बोंबलांवरून
बाया कावळे हाकतात तसा.
वचन मिळालेल्या माणसाला
बहुतेक एवढंच काम असतं.

जमीन सगळी तुझी, म्हणाला होता,
नजर जाईल तिथवर.
सारा गेली तेव्हा पुरायला वीतभर नव्हती.
परक्यांच्या वेशीत लवून उभा राहिला,
चारशे शेकेल रुपं तोलून दिलं, घासाघीस नाही,
गुहा घेतली, शेत घेतलं, बांधावरच्या झाडांसकट.
देव हप्त्यानं फेडतो.
पहिला हप्ता, एक मुलगा.
दुसरा, एक कबर, तीही पदरच्या पैशानं.

आमच्याही नावे कबरस्तानच आहे.
किल्ली माझ्याकडे.
घाणा आजोबांबरोबर गेला.
सहा दिवस फिरायचा, सातव्या दिवशी बैल सुटा.
आमचं शास्त्र गावाला बैलावरून कळलं,
गाव म्हणालं, शनवार तेली.
होडी कुठून आली, कधी फुटली,
सात जोडपी वाचली म्हणतात, मोजायला कोण होतं?
शेमा तेवढी ओली न होता काठाला लागली.
अब्रामाला देवानं नवं नाव दिलं.
आम्हाला गावांनी दिलं,
झिराडकर, चेऊलकर, वाकरूळकर.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
तारे राहू देत. दहा.
गेल्या शब्बाथला आम्ही चार होतो,
पाचवा धरमतरच्या पुलावर अडकलेला.
दिवा लावला, पुस्तक उघडलं, मिटलं.
रात्री खाडीत ड्रेजर चालतो,
चोरून वाळू काढतात, ब्रासवर विकतात.
मी पडल्या पडल्या ऐकतो.
म्हणजे मोजता येते तर.

सिगुल्लाआत्या बैर-शेबात असते.
विहीर खणून अब्राहामानं शपथ वाहिली ते गाव,
आता तिथे तिचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर.
सणाला फोन लावला तर पडद्यात माणसं मावेनात,
पोरं, सुना, पणत्या, एकाच्या हातात भोपळ्याची वडी.
फळलं म्हणायचं.
तिकडे फळलं.

मग पोरांना बाजूला सारून ती जवळ आली,
ब्याण्णव वर्षांचा चेहरा, नुसतं कपाळच दिसत होतं.
म्हणाली, हनोख,
याकोबानं लेकाचा हात मांडीखाली घेऊन शपथ घातली,
मला या परक्या मातीत पुरू नकोस.
माझं तसं नाही. मी इथंच.
पण आजोबा यरुशलेमची माती बरणीत जपायचे ना,
आपल्यातलं कुणी गेलं की डोळ्यांवर चिमूटभर?
मला रेवदंड्याची वाळू धाड.
डोळ्यांवर तीच हवी.

ओहोटीला गेलो.
काळी वाळू, शिंपल्यांचा चुरा, सुरूचं एक बोंड.
रुमालात बांधली, बोंड काढलं नाही.

पोस्टातली पोरगी म्हणाली, आत काय आहे, काका?
वाळू.
परदेशी? वाळू?
हो.
किती? लिहावं लागतं.
मी गप्प राहिलो.
तिनं काट्यावर ठेवली.
दोनशे दहा ग्रॅम.

पावती जपून ठेवली आहे.