बिनतिकिटाचा देश

वडणग्याची गाडी गंगावेशीत लागली
की मी अजून मागच्या दाराशीच उभा राहतो.
बत्तीस वर्षं केएमटीत, बिल्ला चारशे सतरा.
रिटायर होऊन चार वर्षं झाली,
अंगठ्यावरचा चिमट्याचा घट्टा आहे तसाच.

"कुठं होता मामा, दोन महिनं?"
रिकामी बुट्टी मांडीशी ओढत आक्कुबाई विचारते.
लेकीकडं. लक्झेंबर्गला.
"ते कुठं आलं?"
आता काय सांगावं.
आपल्या जिल्ह्यात तसले तीन देश बसतील,
जरा दाटीवाटीनं.
"मग चंदगडला जाऊन आल्यागतच की!"

हो, तसंच.
फक्त चंदगडला तिकीट लागतं.

तिथं लागत नाही.
बसला नाही, ट्रामला नाही, आगगाडीला नाही.
दरीतल्या वस्तीतून वरच्या शहरात न्यायला
काचेची लिफ्ट आहे, तिलाही नाही.
पहिल्या दिवशी पद्मजा म्हणाली, "आण्णा, बसा नुसतं."
मी बसलो. म्हणजे टेकलो.
चिल्लर मुठीत,
डोळे मागच्या दाराकडं,
आता येईल कुणीतरी, "हं, बोला, कुठं?"
एक बाई कुत्रं घेऊन चढली.
कुत्र्याला अर्धं की फुल,
मी मनात ठरवेपर्यंत
ती उतरूनही गेली.

लेक ऑफिसला गेली की मी एकटाच निघायचो.
पाट्या वाचता येईनात, बोलणं तर लांबच.
मोजायचो.
चौथा थांबा चर्च, सातवा पेट्रोल पंप,
अकराव्याला उतरायचं.
तेवढं मला येतं.
वर उत्तरेला गेलो तर डोंगर, डोंगरावर किल्ला.
पन्हाळ्यासारखा म्हणावं, तर पन्हाळा रागवेल.
एकदा डुलकी लागली. जाग आली तेव्हा
गाडी शेवटच्या थांब्यावर,
ड्रायव्हर सफरचंद कापत बसलेला.
हातानंच विचारलं त्यानं, कुठं?
मी हवेतली दोरी ओढून दाखवली. टण टण.
त्याला काय कळलं कुणास ठाऊक,
अर्धं सफरचंद पुढं केलं.

खरं सांगू? महिनाभर
चोरी केल्यागत वाटत होतं.
कुठं निघालास, कुणी विचारत नाही.
कुठं उतरलास, कुणाच्या वहीत नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यात
पार खालच्या टोकाला गेलो, शेंगेनला.
नदी, नदीवर पूल, पुलापलीकडं जर्मनी.
ना नाका, ना पोलीस, ना आडवा बांबू.
शिरोली नाक्यावर याहून जास्त धाकधूक होते.
चालत गेलो.
तिथल्या स्टेशनात मशीन होतं.
कॉलेजातल्या एका पोरीनं बटणं दाबून दिली,
मी नाणी टाकली,
तिकीट पडलं.
पुढच्याच स्टेशनचं. माझं तिथं काही काम नव्हतं,
गेलोही नाही.
बाकावर बसून उलटंसुलटं वाचलं.
तारीख ओळखली, वेळ ओळखली, पैसे ओळखले.
गाडी आली, गेली.
मग पुलावरून परत
फुकटच्या देशात.
पद्मजाला यातलं काही बोललो नाही.

गाडी हलते. नवा पोरगा, मशीन गळ्यात,
मला बघून पुढं सरकतो, "तुमचं राहू द्या, मामा."
राहू द्या कसं?
एक फुल दे. आणि ह्या बुट्टीचं अर्धं.
आक्कुबाई खवळते,
"बुट्टीचं कशाला काढलासा?
इसरला हुता की त्यो!"

पूल येतो. खाली पंचगंगा.
मशीन किरकिरतं,
कागद कोमट लागतो हाताला.