दोन सूत

धुळ्याच्या दवाखान्यात बाकाच्या वर
निळी पाटी: येथे थुंकू नये.
तिच्याच खाली नर्सबाई
माझ्या बापाच्या हातात बोटाएवढी नळी देते
आणि म्हणते, थुंका काका. या रेघेपर्यंत.
फेस धरायचा नाही.

बाप पाटीकडे बघतो, मग माझ्याकडे.
सहा महिन्यांत पहिल्यांदा
त्याचे खांदे हसताना हलतात.

सुपडू शिंपी, अमळनेर.
सुईशी पन्नास वर्षांचा घरोबा,
पण दंडात शिरणाऱ्या सुईला पोरासारखा भ्यायचा.
केमोनं शिरा आत ओढून घेतल्या,
दुमडीत दडलेला दोरा जसा.
चोळून, थापटून, गरम पिशवी ठेवून
चौथ्या टोचणीला दोन थेंब.
‘आते रगत नको काढू व माय,’
असं म्हणाला होता एका तेवीस वर्षांच्या पोरीला.

आता दर वेळी टोचत नाहीत.
गालातलं ते परत फिरतंय का,
लाळेतही दिसतं म्हणे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभ्यास चालू आहे,
पक्कं काही नाही, रक्त अधूनमधून लागेलच.
मी मान डोलावली.
मला एवढंच कळलं, की दुखणार नाही.

पण लाळ कुठंय?
तीसवेळा यंत्राखाली झोपवलं, तेव्हापासून
तोंड म्हणजे चैत्रातली बोरी नदी.
वाळू. मध्येच कुणी हातानं उकरलेला
एखादा झिरा.

हाच माणूस दिवसातून शंभरदा
दोऱ्याचं टोक जिभेवरून फिरवायचा,
ओठांत दाबून अणकुचीदार करायचा,
आणि उरलेलं सगळं, तंबाखूसकट,
दुकानाच्या पायरीशेजारी.
(ती भिंत मी दिवाळीत घासली. डाग गेला नाही.)
आता आई सकाळीच दहा सुया ओवते,
गादीच्या कडेला टोचून ठेवते,
आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

तासभर खायचं नाही, प्यायचं नाही.
मग मी नुसती नावं घेते.
कळण्याची भाकरी.
पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत,
वर कच्चं तेल, कांद्याची पात.
पाट्यावरचा ठेचा.
शेजारचा म्हातारा वळून बघतो,
त्याच्याही हातात नळी.
कैरी, मीठ लावलेली, शाळेमागच्या झाडाची,
तुम्ही कुंपणावरून कापडाच्या कात्रीनं तोडायचात
आणि आई कात्रीसाठी ओरडायची

‘कैरी परत म्हन.’

कैरी.
कैरी, बाबा.

झिऱ्याला पाणी लागतं तसं,
खालून, गढूळ, दमादमानं.

तो नळी उजेडात धरतो, एक डोळा मिटून,
गिऱ्हाइकाच्या छातीवर टेप धरावा तशी.
‘आखो दोन सूत कमी शे.’

नर्सबाई घड्याळ बघत नाही.
मी चिंचेवर येते.