कमरेइतकं पाणी

हेलच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर
गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसतं,
डावीकडे समुद्र, उजवीकडे उथळ आखात.
"आपली बाजू कुठली?"
ग्दिनिया सुटल्यापासून यागना एवढंच बोलली.
मग इअरफोन पुन्हा कानात.

महिन्यातले दोन शनिवार-रविवार
कोर्टाने माझ्या नावावर लिहून दिलेत.
पहिल्या खेपेला पिझ्झा खाल्ला,
दुसऱ्या खेपेला सिनेमा, आणि पिझ्झा.
ह्या वेळी म्हटलं, काहीतरी शिकू,
दोघांनाही येत नाही असं.

पहिल्या शाळेत सोमवारपर्यंत जागा नव्हती.
दुसरीत फळ्या होत्या, शिकवणारा नव्हता.
तिसरीतल्या पोराने आधी माझं वजन विचारलं,
मग वय,
मग म्हणाला, वारा जरा जास्तच आहे आज.

शेवटी धुरावरचे मासे विकणाऱ्या रेगिनाबाईंनी
कागदात फ्लाउंडर गुंडाळता गुंडाळता
हनुवटीनेच दाखवलं: पाइनच्या मागची ती शेड.
माझा दीर, ब्रुनोन. बोलत नाही फारसा.
पण त्याच्याकडे कोणी बुडालं नाही अजून.
बुडायला पाणी आहे कुठे?

ब्रुनोनने वाळूवरच उभं केलं आम्हाला.
फळी नाही, शीड नाही.
डोळे मिटा. वारा कुठल्या कानाला लागतोय?
यागना म्हणाली, डाव्या. मी म्हणालो, दोन्ही.
"बरं. आता त्याच्याकडे पाठ करा."

वारा येईल तशी पाठ फिरवणारी माणसं
मला कधीच आवडली नाहीत.
तिच्या आईने वकिलाला माझ्याबद्दल
नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त तक्रारीच्या सुरात:
हा माणूस वळतच नाही.
आणि इथे पहिलाच धडा हा.

शिडावर पाणी चढून बसतं.
ओढू नका, ब्रुनोन म्हणाला, मागे रेला,
त्याचं ते उतरतं.
मी ओढलं.
अकरा वेळा पडलो. आकडा यागनाचा,
ती मोठ्याने मोजत होती.

मग तिची पाळी.
तिसऱ्या झटक्याला शीड उभं राहिलं
आणि राहिलंच.
तिचे खांदे, मग केसांची शेंडी,
मग नुसता पिवळा त्रिकोण,
पुढे पुढे, पुक गावच्या दिशेने.
वळव! मी ओरडलो.
उत्तर आलं नाही. वारा माझ्याकडून तिच्याकडे होता.

ब्रुनोन सिगारेट वळत बसलेला.
"जाता सगळ्यांना येतं.
परत यायचं ते उद्याच्या तासाला."
मग आज?
"आज चालत जा."

चालत गेलो.
पायांखाली शेवाळ, शिंपल्यांचा चुरा,
मांडीला लागून गेलं काहीतरी गिळगिळीत.
वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली,
पाणी कमरेच्या वर चढेना.
ती फळीवर बसलेली, पाय पाण्यात सोडून,
घाबरलेली वगैरे मुळीच नाही.
"चालत आलास?"
हो.
"आणि खोल असतं तर?"

दोरीचं एक टोक तिने धरलं, एक मी.
येताना वारा तोंडावर, मला बोलता येईना,
म्हणून तीच बोलली:
केमिस्ट्रीचे मार्क, उर्शुलाशी भांडण,
आईकडे येणारा तो लुडविक
भांडी घासताना गुणगुणतो, सुरात नाही,
पण वाईट नाहीये तो, बाबा.
मी दोरी हातावर आणखी एक वेढा घेतली.

रविवारी वाराच नव्हता.
ब्रुनोनने पैसे काही परत दिले नाहीत.
पावतीच्या मागे तारीख लिहून दिली,
पंधरा दिवसांनंतरची.
मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत जागा होती, तरी ती बसली नाही.
दाराशी, पाय फाकवून, गुडघे सैल,
कशाला न धरता उभी.
यास्तार्नियाच्या वळणावर मी हात पुढे केला.
"नको," ती म्हणाली, "वजन मागे टाकायचं."
मग एक इअरफोन काढून, बाहेर बघत,
"आपली बाजू आता डावीकडे आली."