उखर्डूची बरणी

बेटावदच्या शाळेत, लोणच्याच्या जुन्या बरणीत
उखर्डू शिपायाने आणून ठेवली
तिळाच्या वावरातली अळी:
बोटाएवढी, हिरवी, कुशीला जांभळे पट्टे,
शेपटीवर वाकडं शिंग.
"हाई काय शे, मास्तर?"

मला ठाऊक नव्हतं.
तिळाची पानं संपली, वांग्याची घातली.
तीही फस्त.
मग एका सकाळी नुसतीच तळाची माती.
"मातीमा गयी. हात नका लावू."

झाकण काढून ठेवलं.
अठराव्या रात्री फळ्यावर पतंग,
पाठीवर पिवळट कवटी.
चिमटीत धरला तर चिरकला,
चिचुंद्रीसारखा.
तेव्हा ओळख पटली:
हाच पोळ्यात शिरून मध चोरतो,
अंगाला मधमाश्यांचाच वास घेऊन.

वहीत नाव लिहिलं, तारखा लिहिल्या.
मुलं मागे सरली, उखर्डू नाही.
त्याच्याआधीची तीन गेली होती,
म्हणून मायनं त्याला उकिरड्यावर लोळवलं,
मरणाला किळस यावी असं नाव ठेवलं.
"येनी मायनी ते
पाठवर मरननंच तोंड काढं."

खिडकी त्यानेच उघडली.
वहीतला एक रकाना अजून कोरा आहे:
आयुष्य, दिवसांत.