जीभ

चाळीस हंगाम मी गूळ चाखला,
सांगलीच्या मार्केट यार्डात, सौद्याआधी.
खुरप्याच्या टोकानं रव्याचा कोपरा उडवायचा,
खडा टाळूला लावून डोळे मिटायचे
आणि सांगायचं:
हा मळीच्या रानाचा, किंचित खारा.
ह्याला भेंडीचं पाणी कमी पडलं.
ह्यात साखर मिसळलीय, कोण म्हणतो नाही?
नाव आण्णाप्पा मगदूम, पण यार्डात
‘जीभ आली का?’ एवढंच विचारायचे.

अंगठ्याची जखम महिनाभर भरेना, तेव्हा
डॉक्टर आरवाड्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.
तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ.
मी म्हणालो, कुठल्या मालाची?
ते हसले नाहीत.

मग घरात कडूचा हंगाम लागला.
पद्मावती रात्री मेथ्या भिजवते,
सकाळी पेल्यात कारल्याचा रस, वर पाणीसुद्धा नाही.
जांभळाच्या बियांची पूड व्याह्यांनी वाळव्याहून पाठवली,
डब्यावर चिठ्ठी: चमचा सपाट.
आणि गुळवेल!
नावात गूळ, घोटात जहर.
मी असला माल कधी पास केला नसता.
ताटात भात मूठभर.
जेवलो की आयर्विन पुलावरून जायचं, यायचं,
खालून कृष्णा, वरून आम्ही दहाबारा जण,
सगळे पोट आत ओढून,
सगळ्यांकडं एकेक उपाय, दुसऱ्याला सांगायला.

शिराळ्याकडचा हमाल दाजी खोत
एकदा रुमालात पाला घेऊन आला.
दोन पानं चावा मालक, गोडाची वासनाच मरती.
चावली.
आणि तसाच सौद्याला उभा राहिलो.

खडा जिभेवर ठेवला:
वाळू.
दुसऱ्या रव्याचा: भिंतीचा पोपडा.
तिसऱ्याचा नुसता दगड, दाताखाली वाजणारा.
व्यापारी थांबलेले. जीभ काय म्हणते?
जीभ तोंडात होती, पण घरी नव्हती.

तेव्हा पहिल्यांदा मी रव्यामागचा माणूस पाहिला.
मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग,
काहिलीवर वाकून वाकून पडलेले.
त्यालाच विचारलं, तू सांग गड्या, कसा झालाय?
तो आधी व्यापाऱ्यांकडं बघितला, मग माझ्याकडं.
म्हणाला, चुलाण मध्येच विझलं हो.
पाक जरा कच्चा राहिला.
मी तेवढंच मोठ्यानं सांगितलं.
भाव थोडा कमी आला. तो काही बोलला नाही,
जाताना मात्र पाणी विचारून गेला.

आता सरासरी सात पॉइंट आठ.
कशानं उतरली? मेथीनं? पुलानं? पाल्यानं?
डॉक्टर म्हणतात, काय आवडेल ते कडू खा,
गोळी तेवढी सोडू नका.
मी सोडत नाही. ती तर चवीलाही साधी आहे.

पाला अमावास्येला चावतो, यार्ड बंद असतो.
मागच्या अमावास्येला पद्मावतीनंही हात पुढं केला.
बघू तरी.
चावून तिनं आपला चहा तोंडाला लावला,
दोन चमचे साखर घातलेला,
आणि कप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली.
असं लागतं होय, म्हणाली.

मग आम्ही दोघांनी
तो थंड होईपर्यंत सावकाश प्याला.